कागदी मेनूची संध्याकाळ

प्रिय ताई,

तुझा निरोप येऊन नऊ दिवस झाले. चार वेळा ऐकला, उत्तर एकदाही दिलं नाही. तुला वाटलं असेल, ही नेहमीसारखी कामात बुडाली असेल. तसं काम आता राहिलेलं नाही गं. कँटीनच्या स्वयंपाकघरातून मला काढलं, आता मी मागच्या बाजूला भांडी घासते, आणि खरं सांगू, त्यात बरं वाटतं, कारण तिथे कुणी बोलायला येत नाही. तुझा निरोप मात्र डोक्यातून जात नाही. तुझी लेक, आपली मुंगी, जाऊन एकवीस दिवस झाले. तू तिच्यासाठी रडत असशील असं धरून मी तो निरोप लावला, आणि तू तर तिच्यावर चिडलेली. एकोणीस वर्षांची घोडी झाली, पुढ्यात काय आलंय ते एकदा तोंड उघडून विचारता येत नव्हतं का तिला, असं म्हणालीस. असा वेंधळेपणा करून जिवावर उदार होणाऱ्या पोरीला मी माफ करणार नाही, असंही म्हणालीस. तो आवाज मी ओळखते. लहानपणी मी ट्रकखाली येता येता वाचले तेव्हा तू आधी माझ्या थोबाडीत मारलीस आणि मग मला जवळ घेतलंस. मुंगीला आता जवळ घेता येणार नाही. म्हणजे तुझ्यापाशी नुसता रागच उरणार, आणि तो तू उरलेलं आयुष्य कुरवाळत बसणार. ते मला बघवणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हाताने लिहितेय, कारण निरोपात मला धड बोलता येत नाही. बोलायला लागलं की रडू येतं, आणि रडणाऱ्या बाईला लोक घाईघाईने माफ करून मोकळे होतात. हे पत्र तिच्या सामानाच्या पेटीत ठेवणार आहे. पेटी पुढच्या यानाने खाली पृथ्वीवर येईल, चौदा आठवडे लागतील. फारसं काही नाही तिच्यात. बीजघरातला हिरवा एप्रन आहे, खिशाला ठिगळ लावलेला. केसांचा ब्रश आहे, त्यातले केस मी काढलेले नाहीत. तू गेल्या वर्षी विणून पाठवलेली टोपी आहे. ती टोपी तिने एकदाही घातली नाही, ताई. इथे थंडी असते कुठे? वर्षभर एकच हवा. पण उशीखाली घेऊन झोपायची. तू विचारायचीस, टोपी बसली का गं, आणि ती तोंड भरून सांगायची, हो आई, मस्त बसली. आणि मी बाजूला उभी राहून हसू दाबायची.

तू खाली परत गेलीस तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बाबांना अर्धांगाचा झटका आलेला, भावोजी आधीच गेलेले, आणि इथे वसाहतीत जन्मलेल्या पोरांची हाडं पृथ्वीवरचं वजन पेलत नाहीत, म्हणून तिला नेता येईना. वर्षभरात येते म्हणालीस. मग बाबा गेले, आणि डॉक्टरांनी तुझ्याच हृदयाकडे बघून यानात पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. त्यावरून मी तुला टोचून बोलले नाही असं नाही. दोन-तीनदा बोलले, एकदा तर तिच्यादेखत. मनात आहे ते सगळंच बाहेर काढायचं ठरवलंय, तर हेही लिहिते. इथली माणसं मला म्हणायची, माय मरो पण मावशी जगो ही म्हण तुमच्याकडे बघूनच केली असणार. मी वरवर म्हणायची, काहीतरीच काय, आणि आतून फुलायची. सहा वर्षांत मला वाटायला लागलं होतं की ती माझीच आहे. तुझा निरोप आला की मी मुद्दाम तिला काहीतरी काम सांगायची, म्हणजे बोलणं लवकर आटपेल. किती क्षुद्र असतो माणूस.

आपल्या खाणावळीची आठवण हल्ली फार येते. बाबा गल्ल्यावर, आई चुलीपाशी, तू टेबलांवर, आणि मी मागच्या खोलीत पालथी पडून मेनूकार्डं लिहितेय. दर सोमवारी बारा कार्डं. माझं अक्षर बघून एकदा तो विम्याचा साहेब म्हणाला होता, पदार्थ राहू द्या, हे कार्डच वाढा. ते वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलंय. आणि मग शेवटच्या वर्षी आपलं ते भांडण. टेबलावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवायचा, गिऱ्हाइकाने त्याच्यासमोर फोन धरायचा आणि मेनू फोनमध्ये उमटायचा. तुला तो हवा होता. तू म्हणायचीस, कार्डांवर बोटांचे डाग पडतात, संपलेल्या पदार्थावर खाडाखोड होते, म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, फोनवर निदान मोठं करता येतं. मी म्हणायची, फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला भूक तरी लागते का! एका कार्डावर चौघं ओणवतात, तू काय घेतोस, मग मी ते घेत नाही, असं भांडतात, निम्मं जेवण तर तिथेच होतं. दोन दिवस आपण बोललो नाही. बाबांनी तुझं ऐकून चौकोन चिकटवला आणि माझं ऐकून त्याच्यावर मिठाची बाटली ठेवली.

पण एक गोष्ट मी तेव्हा बघितली नाही. तू टेबलापाशी गेलीस की पहिला प्रश्न काय हवं हा नसायचा. तू विचारायचीस, काय चालत नाही तुम्हाला? नवी माणसं हसायची. तू हसायची नाहीस. कोपऱ्यातल्या शिंप्याला दूध चालत नाही, शाळेच्या बाईंना अंडं, टपालवाल्याच्या धाकटीला मासे, हे तुला तोंडपाठ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तू ओरडायचीस, तीन नंबरला शिंपी आहे गं आई, आणि मला राग यायचा, कारण आरडाओरड्याने माझी ओळ वाकडी जायची. तुझं काम विचारायचं, माझं काम लिहायचं. कार्डावर मी लिहायची ‘आईच्या हातचं दाट सूप’. त्यात काय काय आहे ते कार्डावर कधीच नसायचं. ते तुझ्या तोंडी असायचं. कागदी मेनू म्हणजे कार्ड नव्हतंच नुसतं. अर्धा मेनू तू होतीस, आणि हे मला आत्ता, पन्नाशी उलटल्यावर, अशा रीतीने कळलं.

इथल्या कँटीनचं तुला नव्याने काय सांगायचं, तू चौदा वर्षं जेवली आहेस तिथे. माणूस टेबलाशी बसतो, मनगटावरचा पट्टा ओळखून स्क्रीन उजळते आणि त्याला फक्त त्याचा मेनू दिसतो. ज्याला साखर वर्ज्य, त्याच्या मेनूत गोड नाहीच. जे पीक कमी आलं, ते आधी धडधाकट माणसांच्या मेनूतून गुपचूप जातं. मुंगी दोन वर्षांची असताना बीजघरात पहिल्यांदा शेंगा निघाल्या, कुणीतरी कौतुकाने तिच्या हातात एक दाणा ठेवला, आणि घटकाभरात तिचं तोंड सुजून डोळे मिटले. तू तिला उलटी धरून धावत होतीस, मी तुझ्यापुढे दारं उघडत होते. वाचली. डॉक्टरांनी तिच्या नोंदीत शेंगदाणा हा शब्द घातला, आणि त्या दिवसापासून तो पदार्थ तिच्या जगातून नाहीसा झाला. सतरा वर्षं तिच्या स्क्रीनवर शेंगदाण्याचं काही आलंच नाही. आपण दोघींनीही हुश्श केलं. मी विसरले होते का? विसरले नव्हते. पण सतरा वर्षं जे लक्षात ठेवायची गरज पडली नाही, ते मनाच्या कुठल्या तळाला गेलं होतं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

आणि मला त्या स्क्रीनचा राग होता. एका टेबलावर सहा माणसं बसायची आणि सहा मेनू वाचायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, कारण विचारण्यासारखं काही नाही. शेजारच्याच्या ताटातलं चांगलं दिसलं तरी आपल्या स्क्रीनवर ते नसणार हे ठरलेलं. मला वाटायचं, ही माणसं एकत्र जेवतच नाहीत, नुसती एका खोलीत जेवतात. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. पण त्याच्याखाली दुसरं एक खरं होतं. वीस वर्षांत माझं अक्षर कुणी बघितलं नव्हतं. कँटीनला वीस वर्षं पुरी होत होती, मी व्यवस्थापकांच्या मागे लागले, एक संध्याकाळ स्क्रीन बंद ठेवू, कागदी मेनू करू, लोकांना गंमत वाटेल. ते नको म्हणत होते. मी महिनाभर पिच्छा पुरवला. हौसेला मोल नसतं, असं मीच त्यांना म्हणाले. शेवटी त्यांनी अट घातली की आदल्या दिवशी सगळ्यांना सूचना जाईल, ज्याला काही वर्ज्य असेल त्याने त्या संध्याकाळी खोलीवर डबा मागवावा. तशी सूचना गेली. मुंगीने डबा मागवलाही होता, कारण तिची बीजघरात पाळी होती आणि ती कँटीनला यायचीच नव्हती. म्हणून मी निर्धास्त होते. कागद इथे मोजून मिळतो. मी माझ्या वाटणीचा दोन वर्षांचा कागद खर्च केला आणि बारा कार्डं लिहिली. पाच ओळी. तिसरी ओळ, आईच्या हातचं दाट सूप. आई त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं वाटण घालायची, ते तुला माहीत आहे.

संध्याकाळ फार चांगली झाली, ताई. चांगली झाली हेच सांगायला जड जातं. माणसं कार्डावर ओणवली, एकमेकांच्या हातातून ओढू लागली. आमचा म्हातारा नळदुरुस्तीवाला कमरेला फडकं बांधून टेबलांवर ऑर्डरी घेत होता आणि निम्म्या चुकवत होता. लोक मोठमोठ्याने हसत होते. मी खिडकीपलीकडे उभी, वीस वर्षांत पहिल्यांदा मला आपल्या खाणावळीत असल्यासारखं वाटलं. आणि मग मुंगी आली. पाळी लवकर सुटली होती, तिच्या सोबतिणीने सांगितलं म्हणे, जा, तुझ्या मावशीचा आज सोहळा आहे. नखांत माती तशीच. डबा खोलीवर पडून होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने सूप प्यायलं. सात-आठ घोट घेतले असतील. मग म्हणाली, जीभ चुरचुरतेय, मावशीने तिखट जास्त घातलंय, आणि हसली. तिने हे कळत्या वयात कधी अनुभवलेलं नव्हतं, दोन वर्षांचं माणसाला काय आठवणार. तिला काय होतंय ते तिला कळलं नाही. मला कळलं, पण तोवर ती खुर्चीवरून खाली आली होती. भिंतीवरच्या पेटीत इंजेक्शन होतं. त्याची मुदत चार वर्षांपूर्वी संपली होती, कुणाला कधी लागलंच नव्हतं. तरी दिलं. डॉक्टर तीन दारं ओलांडून येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. या दारांना इथे घाई कळत नाही, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने तुला हाक मारली का, असं तू विचारणार. तिचा आवाज निघत नव्हता गं. माझा हात मात्र घट्ट धरला होता.

चौकशी चार दिवस चालली. मी सांगितलं, स्क्रीन माझ्या हट्टाने बंद ठेवल्या, सूप मी केलं, त्यात काय आहे ते कार्डावर मी लिहिलं नाही. सगळं कबूल केलं. त्यांनी मला फार ताणलं नाही, उलट कुणीतरी पाणी आणून दिलं. मग त्यांनी नळवाल्याला विचारलं, मुलीने पदार्थाबद्दल काही चौकशी केली होती का? तो बिचारा म्हणाला, माझ्यासमोर तरी नाही. तेच त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आठवत नाही. त्यांनी मान हलवली. इथल्या पोरांना विचारायची सवयच नाही, असं त्यांच्यातले एक गृहस्थ हळहळून म्हणाले. स्क्रीनवर जे दिसतं ते आपल्याला चालतंच, असं धरून ही पोरं वाढली, तिचा तरी काय दोष. सगळ्यांना ते पटलं. आणि मग तुला जो कागद आला त्यात ते वाक्य आलं, की मृत मुलीने पदार्थातील घटकांबाबत विचारणा केली नाही. तुझा सगळा राग त्या एका वाक्यावर उभा आहे. मला वाटलं होतं, एवढं सगळं कबूल केलं, तर तेवढं एक माझ्यापाशी राहिलं म्हणून काय बिघडलं. मग तुझा निरोप आला.

ताई, मला आठवतं. ती आली ती टेबलाशी गेलीच नाही, आधी खिडकीपाशी आली, माझ्यापाशी. हातात कार्ड होतं. मला म्हणाली, मावशी, यातलं मला चालणारं कुठलं गं? असंच विचारलं, स्वच्छ, दोन हातांवरून. इथल्या दुसऱ्या कुठल्या पोराला हे सुचलं नसतं, ती सवय तिला तुझ्याकडूनच आलेली असणार. त्या वेळी मागे कुणीतरी माझ्या अक्षराची तारीफ करत होतं आणि माझा कान तिकडे होता. मी म्हटलं, आज चालतं-न चालतं काही नाही बाई, आज डोळे मिटायचे आणि बोट ठेवायचं, ज्यावर पडेल ते आपलं. तिला गंमत वाटली. तिने डोळे मिटले, बोट गोल फिरवलं आणि तिसऱ्या ओळीवर ठेवलं. वाडगा मी भरला, घरची म्हणून काठोकाठ भरला, आणि माझ्या हाताने तिच्या हातात दिला. उद्या सकाळी कार्यालयात जाऊन मी ते वाक्य बदलून घेणार आहे. सुधारलेला कागद तुला या पत्राच्या आधी मिळेल, पण त्यात विचारणा केली होती एवढंच असेल, कुणाकडे ते नसेल कदाचित, म्हणून हे लिहिलं. मला माफ कर असं म्हणणार नाही, माझ्याशी पुन्हा बोलू नकोस असं तू ठरवलंस तर तेही मी समजून घेईन. पण लेकीवरचा राग आज सोड. तुझी पोर वेंधळी नव्हती. तिने नेमक्या माणसाला नेमका प्रश्न विचारला, आणि त्या माणसाने सांगितलं म्हणून ती जेवली.

अजून बहीण म्हणवून घेता येत असेल तर,
तुझीच
धाकटी